पीटरभाऊ आणि आमची चंद्री

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी मोहट्याच्या देवीला नवस बोलले होते, "आई, आमची चंद्री सुखरूप सुटू दे, तुझ्या डोंगरावर अनवाणी येईन!" चंद्री म्हणजे आमची गाय. पहिल्या खेपेला तिचं वासरू वितानाच गेलं होतं. यंदाही तसंच झालं तर घोडेगावच्या बाजारात नेऊन विकायची, असं घरात ठरलं होतं. माझे आधीच सोमवार, गुरुवार, चतुर्थी. आमचे हे म्हणाले, "अगं, एखादा वार जेवायलाबी ठेव!"

गोठ्यातल्या गोष्टी गोवऱ्यांसारख्या. रोज थोड्या थापाव्यात, बघता बघता ढीग होतो. माझ्या ढिगातल्या निम्म्या पीटरभाऊंच्या!

पीटरभाऊ डेन्मार्कचे, गाईंवर संसार चालवणारे. तेव्हा तिकडचे शेतकरी इकडे येत आणि इकडचे तिकडे जात. जनावरं कशी सांभाळता, आजार कसे टाळता, ते एकमेकांच्या गोठ्यात राहून बघायचं. सोनईजवळ आमच्या वस्तीवर भाऊ आले. उंच इतके, की नमस्काराच्या आधी चौकटीलाच कपाळ टेकलं! त्यांचं इंग्रजी बोलणं शाळेतले मास्तर आम्हाला समजावून सांगत.

*

पहिल्या सकाळी भाऊ गोठ्याच्या दारातच थांबले. बादलीत औषधाचं पाणी केलं, गमबूट घासले, हात कोपरापर्यंत धुतले, मग आत. बाहेर येताना पुन्हा तेच. शेजारच्या गोठ्यात जाताना पुन्हा!

मास्तर म्हणाले, "एका गोठ्याचा रोग दुसऱ्या गोठ्यात आपल्या पायांनीच जातो, म्हणतात."

सासूबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. "अगं बया! ह्यो तर भटजीपरीस सोवळ्याचा हाय!"

त्या दिवसापासून आमचे हे पाय न धुता गोठ्यात शिरले, की सासूबाई ओसरीवरून ओरडायच्या, "इटाळ करू नगं रं!"

*

दुपारी भाऊ गोठ्यात डोळे मिटून नुसतेच बसत. मी मास्तरांकरवी विचारलं, "काय करता, भाऊ?"

"रवंथ ऐकतो. त्या आवाजावरून गाय बरी आहे का ते कळतं."

मी माळ घेऊन जरा लांब टेकले. वाटलं होतं, या घरात जप माझा एकटीचाच चालतो!

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळले आणि त्यांच्या कानात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

भाऊंनी मास्तरांना पुन्हा पुन्हा विचारलं, "बैलाला? जेवायला?" मग टोपी काढून छातीशी धरली. "आमच्याकडे जनावरांचं सगळं मोजतात. आमंत्रण मात्र कुणी देत नाही."

त्यांनीही लोणी घेतलं, दुसऱ्या बैलाचा खांदा मळू लागले. मळता मळता हात मागे गेला आणि बैलाच्या मांडीवरच्या वणांवर थांबला. बैल हाकायच्या काठीला, पराणीला, टोकाशी खिळा असतो ना, त्याचे वण. भाऊंनी ह्यांच्याकडे बघितलं.

आमचे हे घरात येऊन पक्कड शोधू लागले.

"काय झालं?"

"काय न्हाई. जेवायला बोलवायचं आन् खिळा टोचायचा, बरं दिसत न्हाई."

*

चंद्रीला भर दुपारी कळा सुरू झाल्या. वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता. ढोरांचे डॉक्टर नेवाशाला गेलेले. शेजारी दोर घेऊन धावले, "ओढा! ओढा!"

भाऊ आडवे उभे राहिले. मास्तर ओरडले, "थांबा! दुसरा पाय आत दुमडलाय म्हणतात!"

साबण, तेल, आणि हात थेट खांद्यापर्यंत आत! चंद्री हंबरत होती, मी देवीला हाका मारत होते, भाऊंच्या नाकावरून घाम टपकत होता. शेवटी पाय सरळ झाला. मग दोर धरला, पण चंद्री जोर देईल तेवढंच ओढायचं, ती थांबली की आपण थांबायचं.

वासरू बाहेर पडलं, ते निपचित. भाऊंनी गवताची काडी त्याच्या नाकपुडीत फिरवली.

शिंकलं हो!

सगळे वासरावर वाकले. "कालवड का गोऱ्हा? आरं, बघा की!"

भाऊ तिथे नव्हतेच. ते कोमट पाण्याची बादली घेऊन चंद्रीच्या तोंडापाशी बसले होते. ती घटाघटा प्यायली.

"कष्ट हिने केले," ते मास्तरांना म्हणाले. "आधी हिला विचारायचं."

सासूबाई ऐकत होत्या.

मी अनवाणी मोहट्याला जाऊन आले. चंद्री घरीच राहिली.

*

पुढच्या वर्षी माझं तिसरं बाळंतपण. आधीच्या दोन्ही वेळी सासूबाईंनी दाराबाहेरूनच विचारलं होतं, "काय झालं?" या वेळी सुईणच लगबगीनं बाहेर गेली.

"आक्का, ऐका तरी..."

"थांब!" तिला बाजूला सारून सासूबाई आत आल्या. हातात कोमट पाण्याचा तांब्या. "ते मागनं सांग. आदी माझ्या पोरीला पानी."

तुमच्याही घरी, गोठ्यात असो की माजघरात, असा दिवस उगवला, तर एवढं करा बायांनो. आधी तांब्या भरा.