धरमपेठेतलं माहेर

आमची एस.टी. सुटली तेव्हा माय रडली नाही. फाट्यावरच्या बाभळीखाली कपाळावर हात धरून उभी होती आणि बस हलेपर्यंत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "तिले एकटी ठेवू नको, बाप्पा. घरात बाईमानूस नाही तुमच्या." बाबा आलेच नव्हते. तूर काढायची आहे, असं त्यांनी कारण दिलं. कारण खोटं नव्हतं, पण तूर दुसऱ्या दिवशीही निघाली असती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. एकुलता एक मुलगा शेत सोडून नागपूरला कारकुनी करायला निघाला होता, आणि वर्षाच्या आतली सूनही घेऊन चालला होता. सुमन खिडकीशी बसली होती. मांडीवर स्टोव्ह, पायाशी ट्रंक. गाव मागं पडलं तेव्हा तिनं विचारलं, "आपल्या घरी कोन कोन राहीन आता?"

"तू आन मी," मी म्हणालो.

तिनं पायाशी असलेली ट्रंक जवळ ओढून घेतली.

सत्तर सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठी लिहितो आहे, कारण घर सोडल्यावर काय होतं हे दोघांनाही अर्धंच ठाऊक असतं.

धरमपेठेत एका बंगल्याच्या मागच्या बाजूला आम्हाला खोली मिळाली. खोली, तिच्यातच ओटा, आणि अंगणात नळ. पुढच्या बाजूला घरमालकीणबाईंचा रेडिओ चाले, आणि तेवढाच काय तो सुमनला दिवसभर माणसाचा आवाज. गावी बाई पोटुशी राहिली की तिच्या चालण्यावरून, खाण्यावरून, तोंडावरच्या रंगावरून चार जणी काही ना काही बोलतात. आमच्या खोलीत बोलणारं कुणी नव्हतं. मी सकाळी पाण्याच्या बादल्या भरून ठेवायचो आणि आपण फार केलं असं समजून कचेरीत जायचो. नळाला दुपारी पुन्हा पाणी येई. ते ती भरत असे, हे मी कधी विचारलं नाही.

सुमनला सातवा महिना लागला आणि एका सकाळी तिला रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं. दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, असं मला वाटलं, तरी तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंना मात्र नेमक्या त्याच गोष्टीची काळजी वाटली. त्यांनी सुमनला दवाखान्यात ठेवून घेतलं आणि मला बाहेर बोलावून समजावलं. वार गर्भपिशवीच्या तोंडाशी असावी असा त्यांना संशय होता. बाळाच्या आधी वार, म्हणजे वाटेतच अडसर. पुन्हा रक्त गेलं तर किती जाईल सांगता येत नव्हतं. त्या हळू आवाजात बोलत होत्या. माझ्या कानात मायचं फाट्यावरचं बोलणं घुमत होतं.

काही दिवसांत रक्त थांबलं. खोली दवाखान्यापासून जवळ होती म्हणून बाईंनी तिला घरी सोडलं, पण अटी घालून. चोवीस तास आडवं राहायचं, पलंगाच्या पायथ्याखाली विटा, सोबतीला बाई हवीच, आणि दारात केव्हाही रिक्षा मिळाली पाहिजे.

त्याच आठवड्यात मामाजी आणि सासूबाई तिला न्यायला आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे तसंच म्हणतात. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काही नसतं. सासूबाईंनी ओटीचं सामान, नवं पातळ, सगळं आणलं होतं. मी त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"बैलगाडी नाही, एस.टी. नाही, मोटार नाही," बाई म्हणाल्या. "हिला इथून हलवाल तर वाटेत गमवाल."

मामाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मंग आमी काय कराव, बाई?"

"इथे राहा. तिच्याजवळ."

हे बाईंना सोपं वाटलं. आमच्यासाठी ते सोपं नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या सासरच्या घरचं अन्न खात नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. हे मी पुस्तकात वाचलेलं सांगत नाही. मामाजी आमच्याकडे आले तेव्हा चैत्राचं ऊन होतं, आणि तहान लागली की ते चौकातल्या हॉटेलात जाऊन पाणी पिऊन येत. सासूबाई तर हॉटेलात जायच्या नाहीत. त्या घरमालकीणबाईंकडे तांब्या मागत. नळ तोच, अंगण तेच. पण मालकीणबाईंच्या हातून आलं की ते पाणी माझं राहत नसे. घरून आणलेल्या शिदोरीवर दोन दिवस असे गेले. सुमन विटांवर उचललेल्या पलंगावर पडून हे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं.

"बुवा, प्या ना गा," ती बापाला म्हणाली. "माह्यासाठी प्या."

"तुह्यासाठीच पीत नाही, वं," मामाजी म्हणाले. "आतापरेंत सारं पाळलं. ऐन टायमाले मोडू काय?"

मला तेव्हा राग आला होता. आज कळतं, पोर हातची जाते की काय या भीतीनं त्या माणसाला पाळता येण्यासारखं एवढंच उरलं होतं.

वाट काढली ती सासूबाईंनी. तिसऱ्या दिवशी सुमनसाठी भाजी निवडता निवडता त्या मामाजींना म्हणाल्या, "जावयाच्या घरचं पानी चालत नाही. घर जावयाचं नसलंच तं?"

"म्हंजे?"

"म्हंजे मागून घ्या घर. पोरगी माहेरी येत नाही, तं माहेर इथं आना."

मामाजींनी हातातली बिडी न पेटवता परत बंडलात खोचली. मग उठले, टोपी नीट केली आणि माझ्यासमोर येऊन हात जोडले. वडीलधाऱ्या माणसानं माझ्यापुढं हात जोडण्याची ती पहिलीच वेळ. "बापू," ते म्हणाले, "हे घर मले द्या. पोरीचं होईपरेंत."

मी खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. सगळं मिटलं असं वाटून मी खुर्चीवर बसायला गेलो.

"आन तुमी?" मामाजी म्हणाले.

"मी काय?"

"तुमी जावई. सासऱ्याच्या घरी जावई पडून राहते काय? लोक काय म्हन्तीन?"

सुमन हसायला लागली. तोंडावर पदर, पोटावर हात. "हासू नको वं, माय," सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरीन मले बोलन." त्या स्वतःही हसत होत्या.

मी दोन शर्ट पिशवीत टाकले. खरं तर उंबरठा सुमनने ओलांडायचा असतो. ओटी भरून, सासर मागं टाकून. तिला उठायची बंदी होती म्हणून तिची ओटी पलंगावरच भरली गेली आणि उंबरठा मी ओलांडला. अंगणात पोचलो तर मागं तांब्याचा आवाज आला. मामाजी उभ्यानंच पाणी पीत होते. मानेवरून ओघळ सदऱ्यात जात होता आणि ते थांबत नव्हते. मी तिथंच उभा राहून बघत होतो. भिंती त्याच होत्या, पलंग तोच, कोपऱ्यात माझीच सायकल. आणि तरी ती खोली आता माझी नव्हती. हे कुणी नाटक म्हणून केलं नव्हतं. म्हणूनच ते खरं झालं होतं.

प्रताप नगरात कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडे मी राहू लागलो. रोज संध्याकाळी सायकलनं धरमपेठेत यायचो आणि माझ्याच दाराची कडी वाजवायचो. सासूबाई सतरंजी टाकत. मामाजी विचारत, "या बापू, कसं काय येनं केलं?" आधी ही थट्टा होती, मग सवय झाली. आणि रोज खोली थोडी अधिक दूरची, थोडी अधिक भरलेली दिसे. दारात शेणाचा सडा पडू लागला. सासूबाईंनी आपली जुनी लुगडी फाडून दुपटी आणि लंगोट केले, उकळले, उन्हात कडक वाळवले आणि दवाखान्यासाठी त्यांचं गाठोडं बांधून खुंटीला टांगलं. मामाजींनी नाक्यावरच्या एका रिक्षावाल्याशी अशी दोस्ती केली, की तो दुपारची झोप आमच्याच अंगणात काढायचा. जिथं वर्षभर एका बाईचा श्वास तेवढा ऐकू यायचा, तिथं आता दिवसभर कुणी ना कुणी बोलत होतं. सुमनच्या गालांवर रंग आला. मी तिला शहरात आणलं होतं. घरात आणलं ते त्या दोघांनी.

दिवस भरत आले तसं डॉक्टरीणबाईंनी रक्ताची तयारी ठेवायला सांगितलं. माझं जुळलं नाही. तिच्या उपयोगी पडेल असं माझ्या अंगात काही नाही, हे मला रक्ततपासणीच्या कागदानं सांगितलं. मामाजींचं जुळलं. गावात तेव्हा रक्त देणं म्हणजे आयुष्य देणं असंच लोक समजत. मामाजींनी बाईंना विचारलं, "भरून येते काय ते?"

"येतं की."

"विहीर उपसली तरी झिरा येतेच म्हना," ते स्वतःशीच म्हणाले आणि बाही वर केली. नंतर गडद रक्ताची ती काचेची बाटली थंड कपाटात ठेवताना त्यांनी पाहिली आणि तिथल्या माणसाला म्हणाले, "जपून ठेव गा. पोरीचं हाय."

ती वेळ भर दुपारी आली. त्या दिवशी कचेरी लवकर सुटली म्हणून मी आलो, तर दाराला कुलूप. मालकीणबाई व्हरांड्यातून ओरडल्या, "दवाखान्यात नेलं. जा लवकर." किती सायकल हाणली आठवत नाही. मी पोचलो तेव्हा तिला आत नेलं होतं. दार उघडलं की क्षणभर आतलं दिसे. स्टँडवर टांगलेली ती बाटली, आणि तिच्यातून थेंब थेंब खाली उतरणारा तिचा बाप. मामाजी बाकावर माझ्या शेजारी बसले होते आणि तोच माणूस आत तिच्या शिरांतून चालत होता. प्रार्थना करायची राहूनच गेली. मी नुसता बघत होतो.

पोट फाडून बाळ काढलं. मुलगी. इवलीशी, जांभळट, पण रडली ती सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी. बाईंनी बाहेर येऊन सांगितलं, "दोघी वाचल्या."

मी रडत होतो. सासूबाईंनी मामाजींच्या कानात काही सांगितलं आणि ते उठून फाटकाबाहेर गेले. मला वाटलं, चक्कर आली असेल. थोड्या वेळानं परत आले, हातात साखरेची पुडी. माझ्यासमोर उभे राहिले, जणू कोसावरून चालत आले असावेत. माहेरी बाळंतपण झालं की सासरी साखर घेऊन निरोप्या जातो. तो निरोप चुकता कामा नये.

"बापू," ते म्हणाले, "आमच्या घरून निरोप हाय. पोरगी झाली. मायलेकी खुशाल हायेत."

आणि माझ्या तोंडात साखर घातली.

सव्वा महिन्यानं सुमनला सासरी पाठवायचं ठरलं. सासरी सासू हवी म्हणून मायला बोलावलं. तिनं ती खोली त्याआधी पाहिली नव्हती. मामाजी-सासूबाईंनी सुमनची पाठवणी केली. ती बाळाला घेऊन दाराबाहेर पडली आणि बंगल्याला वळसा घालून परत त्याच दाराशी आली. तोवर मामाजींनी किल्ली माझ्या हातावर परत ठेवली होती आणि ते सासर झालं होतं. मायनं आम्हा तिघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातीला छातीशी घेतलं आणि ओट्यापासून दारापर्यंत सगळीकडे एकदा नजर फिरवली.

दुसऱ्या दिवशी मी मायला एस.टी.त बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, "चाल बाप्पा, जातो मी घरी." मग थांबली. "म्हंजे, माह्या घरी."

ते तिनं रागानं म्हटलं नव्हतं. एखादी वाटणी शांतपणे करून द्यावी तसं म्हटलं. बस निघून गेली तरी मी स्टँडवर उभा होतो.

आज मुलगी दहावीत आहे. हुडकेश्वरच्या बाजूला आमचा प्लॉट आहे, घर बांधायचं चाललं आहे. दर उन्हाळ्यात आम्ही मायकडे जातो. नागपूरहून निघताना "घरी चला" असं तोंडात येतं, आणि मी ते गिळून "गावी चला" म्हणतो. माझ्या मायनं मला घर दिलं, ते असं, आपलं वेगळं काढून. ते घेताना मी नाही म्हणालो नाही.