शांत केलेला आकडा

१८ फेब्रुवारी २००९ रोजी बॉयलरच्या नव्या नियंत्रण यंत्रणेचं ६,८४,२५० रुपयांचं बिल माझ्या टेबलावर आलं. आमची कागद गिरणी. ओला कागद वाळवायला वाफ लागते आणि वाफेसाठी बॉयलर. बॉयलरच्या वरच्या पिंपात पाणी मधल्या पातळीवर राहावं लागतं. जास्त झालं तर ते वाफेबरोबर पुढच्या नळांत शिरतं. कमी झालं तर खालच्या नळ्या कोरड्याच तापतात, आणि मग काय होतं ते बॉयलरवर काम करणारा कुणी मोठ्यानं बोलत नाही. नवी यंत्रणा पातळी मोजून पाण्याची झडप आपोआप कमीजास्त करणार होती. बिल पास व्हायला आमच्या कंट्रोल इंजिनिअर बाईंची सही हवी होती, आणि त्या सही करत नव्हत्या.

पाठीमागे त्यांना सगळे ‘सबुरी’ म्हणत. कुणी काही घाईनं करायला निघालं, की ‘जरा सबुरीनं’ हे ठरलेलं. बाई भित्र्या होत्या. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. जिना उतरताना कठडा सोडत नसत. घरातून निघाल्यावर कोपऱ्यावरून परत जाऊन गॅस बंद आहे ना, हे पाहून येत. वडील लवकर गेले, तेव्हा त्यांनी शिकता शिकता शिकवण्या करून धाकट्या भावाला वाढवलं. त्या भावाला गिरणीत सगळे ‘धाकटा’च म्हणत. त्यानं बहिणीला न सांगता बॉयलर चालवण्याची परीक्षा दिली, पास झाला आणि पेढ्यासारखी ती बातमी तिच्यापुढं ठेवली. बाई चार दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतर धाकट्याची पाळी असली, की बाईंचा डबा अर्धा परत जाई.

मी सहीसाठी गेलो, तेव्हा त्या चाचणी घेत होत्या. झडपेला त्या मुद्दाम हलकेच झुलवत होत्या. आधी अगदी सावकाश, मग थोडं जलद, मग आणखी जलद. प्रत्येक वेळी पाणी किती झुलतं आणि झडपेच्या किती मागून झुलतं, ते पाहून कागदावर ठिपका देत होत्या.

“काय हिशेबनीस, पैसे द्यायची एवढी घाई? तब्येत बरी आहे ना?” त्या मान वर न करता म्हणाल्या.

“सप्लायरचा माणूस माझ्या दारात बसलाय. हे झुलवणं कशासाठी, ते तरी सांगा.”

“तुमच्या गोदामाचा साठा तुम्हाला उशिरा कळतो असं समजा. साठा कमी दिसला म्हणून तुम्ही भरपूर माल मागवता. तोवर गोदाम भरलेलं असतं. मग तुम्ही मागणी बंद करता, तेव्हा ते रिकामं होत असतं. जितक्या जोरात सावरायला जाल, तितकं बिघडतं. उशीर अर्ध्या झोक्याइतका झाला, की सावरायला दिलेला धक्का झोक्याच्या दिशेनंच बसतो. मग पुढचा झोका आधीच्यापेक्षा मोठा, त्याच्या पुढचा आणखी मोठा. तिथं पोचायला अजून किती उशीर परवडेल, त्याला मार्जिन म्हणतात.”

“आमचं मार्जिन टक्क्यांत असतं.”

“माझं अंशांत, पूर्ण झोका म्हणजे तीनशेसाठ अंश. तुमचं गेलं तर बोनस जातो. माझं गेलं तर...” त्यांनी कागदावर पुढचा ठिपका दिला.

चाचणी चांगली निघाली. भरपूर मार्जिन होतं. बाईंनी दोन दिवस यंत्रणा चालवून पाहायची आणि मग सही करायची असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मालमत्ता क्रमांकाच्या पट्ट्या घेऊन कंट्रोल रूममध्ये गेलो. नव्या वस्तूवर पट्टी लागल्याशिवाय ती आमच्या खात्यात येत नाही. बाई ऑपरेटरच्या मागे उभ्या होत्या. पडद्यावर पातळीचा आकडा पन्नासच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, आसपास अगदी निवांत होता. आदल्या दिवशी तो सारखा थरथरताना मी पाहिला होता.

“सुधारला की,” मी म्हणालो.

“धाकट्यानं डोकं खाल्लं सकाळी. ‘ताई, खाली बॉयलरजवळच्या यंत्रावर हा आकडा सारखा नाचतो, आठ तास बघून डोळे दुखतात, जरा शांत कर ना.’ मोजणाऱ्या यंत्रातच थोडं फिल्टर घातलं. काही सेकंदांची सरासरी दाखवतं, बाकी काही नाही.”

मी पट्टीचा मागचा कागद सोलत असताना तिकडे मशीनवर कागद तुटला. हे रोजचंच. कागद तुटला की वाफ लागत नाही, आणि बॉयलरला एकदम हिसका बसतो. आकडा सत्तेचाळीसवर गेला, मग त्रेपन्नवर, मग पंचेचाळीसवर. ऑपरेटर म्हणाला, “सावरेल, मॅडम.” बाई पडद्यावर झडप किती उघडी आहे ते दाखवणाऱ्या रेघेकडं पाहत होत्या. ती रेघ वर-खाली होत होती आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त.

फोन वाजला. खालून धाकटा बोलत होता. बॉयलरच्या अंगाला एक जाड काचेची नळी असते, तिच्यात पिंपातलं खरं पाणी दिसतं. तो तिच्यासमोर उभा होता.

“ताई, काचेत पाणी पार वर जातंय, मग तळाला. आत्ता तर दिसेनासंच झालंय.”

“काहीतरीच काय! इथं त्रेचाळीस आहे,” ऑपरेटर ओरडला.

बाईंचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. त्यांना कळलं होतं. फिल्टरनं आकडा नुसता शांत केला नव्हता, उशिराही पोचवला होता. चाचणी झाली होती ती फिल्टर नसलेल्या यंत्रणेची. ही दुसरीच होती आणि हिचं मार्जिन संपलेलं होतं. शिवाय सरासरीत झोक्याची टोकं छाटली जात होती. खाली पाणी गायब होत होतं आणि पडदा सांगत होता, थोडं कमी आहे. पातळी फार खाली गेली की जाळ आपोआप विझायला हवा, पण ती सोयसुद्धा याच आकड्यावर चालत होती. म्हणून ती गप्प होती.

“मॅडम, पाणी पूर्ण सोडतो!” ऑपरेटरचा हात झडपेच्या बटणाकडं गेला.

“हात लावू नकोस!” त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. “यंत्रणा काढून झडप हातावर घे. कागद तुटायच्या आधी होती तिथं ठेव, आणि हलवू नकोस. जाळ बंद कर.”

त्यानं लाल बटण दाबलं. फोनवर धाकट्याचा आवाज आला, “ताई, जाळ दिसतोय अजून. जाळाला तेल देणारी झडप पूर्ण बसली नाही.”

“तू बाहेर पड. आत्ता.”

“हातानं फिरवून येतो.”

“अरे, ऐक माझं!”

फोन खाली टाकल्याचा आवाज आला. बाईंनी रिसीव्हर कानालाच धरून ठेवला. नळ्या कोरड्या पडून लाल झाल्या असतील आणि त्यांच्यावर एकदम पाणी आलं, तर बॉयलर फुटतो आणि धाकटा त्याच्या तोंडाशी होता. झोका परत वर येणार असेल, तर काही न करणं हाच उपाय होता. पाणी वर येईल की नाही, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. ऑपरेटर म्हणाला, “मॅडम, थोडं तरी सोडू?” त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. माझ्या बोटाला पट्टी चिकटली होती आणि ती काढायचं मला सुचत नव्हतं. पायाखालची फरशी थरथरत होती. रोजच थरथरते, पण त्या दिवशी मला ती प्रत्येक थरथर वेगळी कळत होती.

मग रिसीव्हरमधून दम लागलेला आवाज आला. “बसली. जाळ गेला. ताई... तळातून पाणी चढतंय काचेत.”

बाई खुर्चीत बसल्या आणि रिसीव्हर मांडीवर ठेवून दिला.

तापलेलं चाक फिरवताना धाकट्याचा उजवा तळवा सोलून निघाला होता. मी आणि बाई त्याला टॅक्सीनं दवाखान्यात घेऊन गेलो. त्याचा डावा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, आणि ड्रायव्हरला त्या सारखं सांगत होत्या, “दादा, जरा हळू.”

“अगं, हळू कसलं, दुखतंय मला!” धाकटा म्हणाला. “जरा जोरात घ्या हो.”

ड्रायव्हर हसला. बाई हसल्या नाहीत.

तपासणीत दोन नळ्या फुगलेल्या निघाल्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्या टिकल्या नसत्या. बाईंनी साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं, “फिल्टर मी घातलं आणि चाचणी पुन्हा घेतली नाही.” त्यांना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी फिल्टर काढलं, सगळी चाचणी पहिल्यापासून घेतली, आणि जाळ विझवणाऱ्या सोयीसाठी पातळी मोजणारं वेगळं यंत्र बसवून घेतलं. त्यानंतरच सही केली.

धाकटा हात बरा झाल्यावर पुन्हा बॉयलरवरच गेला. बाईंनी त्याला तिथून काढण्यासाठी शब्द टाकावा असं मी सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, “त्याच्या जागी जो उभा राहील, तोही कुणाचा तरी धाकटाच ना.” पण त्याची पाळी असली की त्या आता दुपारभर कंट्रोल रूममध्येच बसतात, पडद्याकडं पाठ करून, फोनजवळ. डबा उघडतसुद्धा नाहीत.

त्या दिवशी टॅक्सीचे पैसे बाईंनीच दिले. माझ्या वाट्याचे पंचेचाळीस रुपये मी त्यांना अजून दिलेले नाहीत.