दिवाळीच्या सुट्टीतली पाहणी

सरांबरोबर गंजगोलाईच्या बाजारात जायचं असलं की मी दिवसाची बाकीची कामं आधी उरकून घेत असे. वांगी, लसूण, बादल्या, टॉवेल, दिसेल त्या वस्तूचा ते भाव विचारायचे आणि घ्यायचे काहीच नाहीत. भाजीवाल्या त्यांना ओळखून होत्या. कोथिंबिरीवर पाणी मारत एक म्हातारी म्हणायची, "आले बगा भाव विचारणारे. सर, आज तरी जुडी घ्या, का नुसतंच पेपरात देणार?" मग सर ओशाळून जुडी घेत आणि कॉलेजात माझ्या टेबलावर विसरून जात.

लातूरच्या आमच्या कॉलेजात ते अर्थशास्त्राचे विभागप्रमुख होते, मी त्यांच्या विभागात शिकवत होते. शेतमालाच्या बाजारावर ते वर्तमानपत्रात लिहीत. प्रत्येक लेख आधी काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाचून दाखवत. काकू जेवून आडव्या झालेल्या असत. ज्या परिच्छेदाला त्यांचा डोळा लागे तो सर खोडून टाकत.

"अहो, मला झोप येते म्हणून चांगलं लिहिलेलं कशाला खोडताय?"

"तूच जागी राहिली नाहीस तर वाचक काय राहणार?"

त्यांचा सर्वांत गाजलेला लेख आमच्या एका पाहणीवरून लिहिलेला होता. चाकूर तालुक्यातल्या बाजार समितीच्या लहान उपबाजारांत खरेदी-विक्री किती होते ते बघायचं होतं. गट पाडणं, जीप ठरवणं, डबे सांगणं, सगळं माझ्याकडे होतं. दिवाळीच्या सुट्टीत विभागातली मुलं जाऊन आली. उपबाजार ओस पडलेले होते. सोयाबीन टेम्पोत भरून थेट लातूरला येत होतं. सरांनी लिहिलं, हे लहान बाजार बंद करा आणि तो खर्च मोठ्या बाजारावर करा. लेख मुंबईपर्यंत पोचला. सरकारने याच विषयावर समिती नेमली आणि सरांना सदस्य केलं. कॉलेजच्या फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. बैठकांसाठी सरांनी नवी बॅग घेतली.

पुढच्या मे महिन्यात एका विद्यार्थ्याच्या लग्नाला आम्ही त्याच भागात गेलो. परतीची बस यायची होती. समोरच्या उपबाजारात बायकांची रांग लागली होती. कोणाकडे अर्धं पोतं सोयाबीन, कोणाकडे गाठोड्यात तूर. सर लगेच तिकडे वळले.

"हे दिवाळीत का नाही विकलं?" त्यांनी सोयाबीनवाल्या एकीला विचारलं.

"दिवाळीचा माल आमचे मालक लातूरला नेतेत. हे घरात ठेवलेलं हाय. लेकराला दवाखाना आला, शाळेचं काय निघालं, की थोडं थोडं आणतो."

"मग हेसुद्धा लातूरला का नाही पाठवत?"

"अन् पैसे मालकाच्या खिशात?"

मागची हसून म्हणाली, "सरांचं लगीन झाल्यालं दिसत न्हाई."

बस लातूरला आल्यावर सर म्हणाले, "मॅडम, पाहणी दिवाळीतच का केली आपण?"

"मुलं तेव्हाच मोकळी असतात, सर."

"म्हणजे बाजार केव्हा भरतो हे आपण कॉलेजच्या वेळापत्रकावरून ठरवलं."

त्यानंतर उरलेला उन्हाळा आणि पावसाळाभर ते बाजाराच्या दिवशी तिथे जात राहिले. तेवढ्यात समितीची जाहीर सुनावणी लातुरात ठरली. प्राचार्य समजावायला आले. "सर, समितीत आहात, आत राहून हळूच दुरुस्ती करा. चारचौघांत कशाला?"

"लेख चारचौघांतच लिहिला होता," सर म्हणाले.

सुनावणीत एका अधिकाऱ्याने सरांचाच परिच्छेद वाचून दाखवला. "हे आपलंच ना?"

"माझंच. आणि चूक आहे. पाहणी आम्ही मुलांच्या सवडीने केली. बायका विकतात त्या महिन्यांत आम्ही फिरकलोच नाही. हे बाजार बंद झाले तर त्यांच्या हातात स्वतःचं असं काही राहणार नाही."

मागून शेतमाल विकून देणारा एक आडत्या म्हणाला, "सर, मग आता खरं कोणतं धरून चालायचं?"

"आत्ताचं धरा. पुन्हा चुकलो तर पुन्हा येऊन सांगेन."

उपबाजार राहिले. समितीची मुदत संपली, नवी नेमली गेली, त्यात सरांचं नाव नव्हतं. पुढेही कधी आलं नाही. संपादकही लेख मागेनासे झाले. मतं बदलणाऱ्या माणसाने वाचक गोंधळतात, असं त्यांचं म्हणणं. सरांना हे लागलं होतं. बोलून दाखवलं नाही, पण ती बॅग नजरेसमोर नको म्हणून काकूंनी माळ्यावर टाकली.

गेल्या वर्षी सर गेले. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. प्रमुख पाहुण्यांना कोणीतरी जुनी माहिती दिली असावी. "लहान बाजार बंद करा असं निर्भीडपणे सांगणारा अर्थतज्ज्ञ आपण गमावला," असं ते भरल्या आवाजात म्हणाले. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. पुढचं नाव पुकारायचं सोडून मी माईकवर म्हणाले, "तो लेख चुकीचा होता. सरांनी तो याच शहरात, सगळ्यांसमोर मागे घेतला. त्याची किंमतही मोजली. त्यांना आठवायचं तर कृपया त्यासाठी आठवा."

प्राचार्य खाली बघू लागले. पहिल्या रांगेत काकूंनी डोळ्यांवरचा पदर बाजूला केला आणि शेजारच्या बाईला हळूच म्हणाल्या, "आता बरोबर झालं."