सुक्या बोंबलांच्या दुकानासाठी पुस्तक

नातवंडांनो, तुम्ही दोघांनी मिळून पाठवलेली यादी वाचली. छोट्या दुकानदारांना उपयोगी पडणारी पुस्तकं, आणि त्यांतलं कोणतं आपल्या इमारतीखालच्या दुकानातल्या ताईला भेट पाठवावं, असा तुमचा प्रश्न आहे. मागच्या खेपेला तिने तुम्हाला जवळ्याची चटणी बांधून दिली होती, तिची आठवण तुम्ही ठेवलीत याचा मला आनंद झाला. पण यादीतलं एकही पुस्तक पाठवू नका. का, ते क्रमाने सांगते. मी रागावलेली आहे, आणि रागात क्रम सोडला की आपलंच म्हणणं लंगडं पडतं.

ही ताई मूळची साताऱ्याकडची. नवरा तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. लग्न होऊन बोईसरला येईपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता, आणि आज ती सुकी मासळी विकते. गिऱ्हाईक बहुतेक तिच्यासारखंच, घाटावरून कामासाठी आलेलं. पाळीवरून घरी आल्यावर ताजी मासळी साफ करत बसायला कुणाला वेळ नसतो. सुकट भाजली, भाकरीबरोबर खाल्ली, झालं. माल देते एडवणची एक मावशी. घरची होडी, घरच्या वलांड्या, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या मांडण्या.

या धंद्याचं सगळं वर्ष एका महिन्यावर टेकलेलं असतं. पावसाळ्याआधी घरात साठवण करतात तिला इथे आगोट म्हणतात. मे महिन्यात दुकान पार छतापर्यंत भरायचं, कारण पुढे होड्या किनाऱ्याला लागतात, ऊन नसतं, आणि नारळी पौर्णिमा होऊन नवा माल वाळेपर्यंत कुठूनही काही येत नाही. मेमध्ये जे भरलं तेच विकायचं. भरलं नाही तर शटर ओढायचं. दुकान तिच्या एकटीच्या जिवावर उभं आहे, म्हणून हे शटर तिच्या डोळ्यांसमोर सतत असतं.

यंदा एप्रिलमध्ये इथल्या एका हॉलमध्ये छोट्या दुकानदारांसाठी शिबिर झालं. प्रवेश मोफत, वर प्रत्येकाला एक भेटपुस्तक, चकचकीत कागदात, रिबीन बांधून. कानाला माइक लावलेल्या वक्त्याने विचारलं, "सगळ्यात जास्त माल कोण भरतं?" हिने अभिमानाने हात वर केला. त्याने तिला व्यासपीठावर बोलावलं.

"ताई, हे दुकान आहे की गोदाम? तुमचा पैसा तिथे सडतोय. आणि तुमच्या बाबतीत तर वासही येत असेल."

हॉल हसला. घरी येऊन तिने मला हे सांगितलं तेव्हा तीही हसत होती, पण पदराचं टोक सारखं बोटाला गुंडाळत होती.

ते पुस्तक मी अथपासून इतिपर्यंत वाचलं. परदेशी पुस्तकाचं मराठी भाषांतर. माझं सारं शिक्षण इंग्रजीत झालं, त्यामुळे प्रत्येक वाक्य मुळात कसं उभं असेल ते मला दिसत होतं. मराठीत ते डोक्यावर उभं होतं. सांगणं एकच: आठवड्यात खपेल तेवढाच माल ठेवा, बाकी पुरवठादाराच्या अंगावर राहू द्या. जिथे रोज सकाळी दाराशी ट्रक येतो तिथे हे अगदी बरोबर असेल. लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. त्याने आपल्या गावासाठी लिहिलं. ते इथे आणून, रिबीन बांधून, ज्यांचा पुरवठादार आभाळाकडे बघून माल देतो त्यांच्या हातात ठेवणाऱ्यांवर आहे.

आणि तिने काय केलं? शाळा सुटल्यापासून तिला कुणी पुस्तक दिलं नव्हतं. तिने त्याला हळदीकुंकू वाहिलं आणि गल्ल्याच्या वर छोटा देव्हारा आहे त्यात ठेवलं. देव्हाऱ्यात ठेवलेल्या वस्तूशी कुणी वाद घालत नाही.

मेच्या सुरुवातीला मावशी ठरल्याप्रमाणे आली. मी तेव्हा दुकानात स्टुलावर बसले होते.

"कधी पाठवू गो बाय, टेंपो?"

"मावशी, यंदा सगळा एकदम नको. दर आठवड्याला थोडा थोडा द्या."

मावशीने आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "दर आठवड्याला? पावसात बोंबील काय तुझ्या पंख्याखाली सुकवू?"

"तसं नाही हो. आता नवी पद्धत आहे."

"मंग नव्या पद्धतीचा बोंबील पण शोध. आमच्याकडं जुनाच हाय."

ती उठली आणि चहा न घेता गेली. ती गेल्यावर मी विचारलं, "अगं, पावसात माल येत नाही हे तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे काकू. पण एवढ्या लोकांसमोर बोलला तो. आणि पुस्तकात छापलंय."

छापलंय! मुलांनो, मी चिडले ती इथे. पावसाने तिला दरवर्षी शिकवलेलं तिने छापील अक्षरासाठी बाजूला ठेवून दिलं, कारण तिला भर सभेत आपल्या भरलेल्या दुकानाची लाज वाटायला लावली होती. चोर निदान वस्तू नेतो. यांनी तिचा स्वतःवरचा विश्वास नेला, आणि वर भेट दिली.

मे सरता सरता त्याच वक्त्याची दुसरी बैठक लागली तेव्हा मी इस्त्रीची साडी नेसून तिच्याबरोबर गेले. प्रश्न विचारा म्हटल्यावर उभी राहिले.

"या पुस्तकात पावसाळा कोणत्या पानावर आहे?"

"आजी, ही तत्त्वं आहेत. तत्त्वं सगळीकडे सारखी असतात."

"पाऊस सगळीकडे सारखा नसतो."

मागून सफाळ्याचा एक दुकानदार म्हणाला, "साहेब, माझ्या ताडपत्रीचं पण सांगा. पाऊस पडायला लागल्यावर मागवायची काय?"

"चहानंतर घेऊ," वक्ता म्हणाला. चहानंतर त्याने गिऱ्हाइकाशी हसून कसं बोलावं हा विषय घेतला, असं मागाहून कळलं.

ती मात्र चहाला थांबली नाही. जिन्यात मला म्हणाली, "काकू, उद्या एडवणला याल माझ्याबरोबर?"

मावशी मागच्या अंगणात सुकट पाखडत होती. सूप खाली ठेवलं नाही.

"आली? काय बोलला तुझा पुस्तक?"

"पुस्तकाला पावसाचं माहीत नाही, मावशी."

"मंग त्याला कशाला विचारलंस? मी काय मेली व्हती?"

"चुकलं माझं. माल द्या."

"माल गेला गो. पालघरच्या यापाऱ्यानं उचलला. तू नको बोललीस, मी काय दर्याला परत देऊ?" मग सूप थांबलं. "जवळा हाय. बोंबील थोडा हाय, घरातला. तो ने."

तेवढंच मिळालं. मावशीने मन मोठं करून व्यापाऱ्याकडून माल परत आणला वगैरे काही झालं नाही, आणि का व्हावं? तिलाही पावसात घर चालवायचं असतं.

आता आषाढ चालू आहे. खालच्या दुकानात निम्म्या फळ्या रिकाम्या आहेत. तिने तिथे पापड, कोकम, लसूण मांडलंय. बोंबील विचारणाऱ्याला "संपले" सांगावं लागतं, आणि तो पुढच्या दुकानात जातो, कदाचित कायमचा. नारळी पौर्णिमेपर्यंत निभेल असं ती म्हणते. मलाही वाटतं निभेल, पण मी तसं तिला सांगत नाही. सांगणारे तिला पुष्कळ झाले. वक्त्याची पाटी मात्र डहाणूच्या हॉलवर लागली आहे. त्याचा एक पापडही मोडलेला नाही.

उपयोगी पुस्तकं नसतात असं समजू नका. वाचनालयातल्या बाईंनी मला एक पातळ पुस्तिका शोधून दिली, बचत गटांच्या बायकांसाठी लिहिलेली: सुकी मासळी दमट हवेत कशी ठेवावी, डब्यात बुरशी कशी ओळखावी. मुखपृष्ठ बेढब, रिबीन नाही. ती देव्हाऱ्यात गेली नाही. तराजूशेजारी पडलेली असते आणि तिच्या पानापानावर जवळा लागलेल्या बोटांचे डाग आहेत. देव्हाऱ्यातलं पुस्तक तिने काढलं की नाही ते मी विचारलेलं नाही. परवा तिथे फक्त गणपती दिसला.

तुमच्या भेटीबद्दल मी तिलाच विचारलं. माझी नातवंडं पुस्तक पाठवणार आहेत, धंद्यावरचं कोणतं हवं?

तिने रिकाम्या फळीवरची धूळ पुसली. "धंद्याचं नको काकू. गोष्टीचं सांगा. यंदा दुपारी गिऱ्हाईक कमी आहे, वाचायला वेळ आहे." मग फडकं झटकून म्हणाली, "आणि त्यातल्या कुणी मला काही शिकवायला नको."

तेव्हा गोष्टीचं पाठवा, मराठीतलं, मोठ्या टायपातलं. पत्ता माझा घाला. दुकानात टपाल भिजतं. आणि कागदात गुंडाळू नका.