लाल पटका
दौंडच्या फिजिओथेरपीच्या खोलीत मी भिंतीवर बोटं चढवत होतो. उजवा खांदा धरला होता, हात कानाशी येऊन अडायचा. शिरूरकडच्या कंपनीत मला डोक्यावरचा लीव्हर ओढावा लागतो आणि सोमवारी मेडिकल होतं. कंपनीत मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

शेजारी लाल पटका बांधलेले एक आबा तोच व्यायाम करत होते. बोटं अडली की ते हळूच टाचा उचलायचे. हात तेवढाच राहायचा, माणूसच वर जायचा.

"आबा, टाचा खाली," मॅडम म्हणायच्या. ते टाचा टेकवून डाव्या हातानं पटका चाचपायचे.

नंतर आम्ही कोपर बरगडीला चिकटवून रबरी पट्टी ओढत बसलो. मी म्हटलं, "आबा, पटका काढून ठेवा की. घामानं भिजलाय."

"सुटला तर बांधायचा कसा? हात मागं जात न्हाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दोन महिनं झालं, टोपीवानी उतरवतो आन् तसाच घालतो. घरात कुणाला ठावं न्हाई. तुम्ही बी बोलू नका."

मी मान हलवली आणि परत भिंतीशी गेलो. डोक्यात सोमवारच होता. बोटं कानापर्यंत गेली, मग आणखी अर्धी वीत वर. मला एकदम हायसं वाटलं. मॅडम फोनवर होत्या, त्यांनी पाहायला हवं होतं.

पाहिलं आबांनी. ते जवळ आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "पाव्हणं, टाचा."