बांधाबाहेरचा हरभरा

गफूरचाचाचा फोन आला तेव्हा मी पोपटी साडीला अस्तर जुळवत होते. जुन्या जालन्यात माझं मॅचिंग सेंटर आहे आणि पोपटी रंग माझा जुना वैरी आहे. गिऱ्हाईक बाई पदर दाराच्या उजेडात धरून "हा नाही, जरा पिवळट" म्हणत होती आणि फोनमध्ये चाचा सांगत होता, "बेटी, लिंबाजी गेला. दुपारी जेवला, पडला, तो उठलाच न्हाई. जल्दी निघ." मी "हो" म्हटलं, अस्तर कापलं, घडी घालून पिशवीत टाकलं. बाई पायरी उतरली आणि मग मी शटर ओढलं. लिंबाजीमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. जाफराबादकडच्या एका गावात त्याची कोरडवाहू जमीन, आणि जमिनीला लागून मोठा उघडा माळ. गावाचं नाव मी लिहिणार नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते वाचता वाचता कळेल.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची आपल्याकडे रीत आहे आणि मामाबद्दल चांगलं लिहायला माझ्याकडे पुष्कळ आहे. पण आधी लाजेचं लिहिलं पाहिजे. ती लाज खरं तर आम्हा सगळ्यांची होती, आणि आम्ही ती त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकून मोकळे झालो होतो. मामा शिकाऱ्यांना तिथी सांगायचा. स्वतः त्याने बंदूक कधी हातात धरली नाही. शहरातले पाहुणे यायचे, कुणी कंत्राटदार, कुणी त्यांचे साडू-मेहुणे, आणि विचारायचे, "लिंबाजी, कधी येऊ?" मामा विचार केल्यासारखा आभाळाकडे बघायचा आणि सांगायचा, अमुक तिथीला या, दिवस मावळायच्या आधी बांधाशी बसा. ते बसायचे आणि काळवीट यायचं. शिकारबंदीचा कायदा तेव्हाही होता. पण जीपमधून उतरलेला माणूस मामाच्या खांद्यावर हात ठेवून "आमचा पंचांगवाला" म्हणायचा, आणि एरवी बाजारात ज्याला कुणी बस म्हणत नव्हतं त्याची छाती फुगायची.

चंद्राचं आणि हरणाचं नातं काय, यावर आमच्याकडे ज्याचं त्याचं मत आहे. कुणी म्हणतं, चांदण्यात हरीण रातभर निवांत चरतं, म्हणून दिवसा हलत नाही. कुणी म्हणतं, चांदण्यात ते उघड्यावर येतच नाही, अंधार असला की पिकात शिरतं. वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला मी विचारलं तर तो हसला. म्हणाला, चंद्राचं थोडंफार असेलही, पण पाऊस, पीक, कुत्री आणि माणसं यांचं जास्त आहे. मामाला मात्र तिथीच खरी वाटायची, आणि त्या माळावर ती खरी ठरायची. यातला त्याचा पंधरवडा कोणता, ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना तेवढंच हवं असेल त्यांनी पान उलटावं.

शिकार झाली की आमचा वाटा जालन्याला यायचा. मामाच्या गावचा गफूरचाचा तेव्हा जीप चालवायचा. ज्वारीच्या पोत्याखाली डबा ठेवून आणायचा, आईच्या हातात द्यायचा आणि पाणीसुद्धा न पिता निघायचा. आई दार लावून फोडणी घालायची. वास लपतो थोडाच? शेजारच्या काकू विचारायच्या, "आज काय बेत?" मला शिकवून ठेवलेलं होतं, "बोकडाचं म्हणायचं." मी इतकं सराईतपणे म्हणायचे की आई कौतुकाने बघायची. दुकानदारीत मला खोटं बोलावं लागतं, रंग जाणार नाही वगैरे, त्याची तालीम तिथे झाली. आणि चव... ती चव मला अजून आठवते. आठवली की तोंडाला पाणी सुटतं, आणि मग स्वतःचीच शरम वाटते.

कुणी पकडलं गेलं नाही. नुसता माळ हळूहळू रिकामा झाला. एका थंडीत पाहुणे आले, अंधार पडेपर्यंत बसले आणि तसेच गेले. पुढच्या थंडीत ते फिरकलेच नाहीत. गाव खूश होतं, हरभरा वाचला म्हणून. मामा मात्र गप्प झाला. त्या वर्षीपासून त्याने बांधाच्या बाहेर, माळाच्या अंगाला, हरभऱ्याच्या दोन ओळी पेरायला सुरुवात केली. मामी चिडायची. "घरात बियाणं पुरंना आन् हा माळाला पेरून राह्यला," म्हणायची. रोज संध्याकाळी तो पत्र्याचा डबा घेऊन शेतात जायचा. हरणं हाकलायला आमच्याकडे डबा बडवतात, म्हणून गावाला वाटायचं हा राखण करतोय. "लिंबाजी, वाऱ्याला हाकलून राह्यला का?" असं चहाच्या टपरीवर विचारायचे. तो हसायचा. डबा पालथा घालून त्यावर बसायचा, एवढंच. कोजागिरीला सगळे गच्चीवर आणि हा दुधाचा पेला घेऊन पडवीत, जिथे उजेड पोचत नाही तिथे. "चंद्राशी माझं भांडण हाय," म्हणायचा. आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची. भांडण कशावरून, हे मोठ्यांपैकी कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी खाल्लेलं होतं.

आमची शेवटची नीट भेट गेल्या थंडीतली. मी मामाकडे माहेरपणाला गेले होते. मामाने मला संध्याकाळी बांधावर नेलं. बोट दाखवलं. बाहेरच्या ओळींचे शेंडे खुडलेले होते आणि मातीत खूर उमटले होते. "आलेत," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी आलेत. मग लगेच माझा हात धरून म्हणाला, "कुणाला बोलू नको. संतोषला तर बिलकुल न्हाई." संतोष त्याचा एकुलता एक मुलगा. प्लॉटच्या खरेदी-विक्रीत दलाली करतो, डोळ्यांवर काळा गॉगल, मित्रांच्या जीपमधून फिरतो. लहानपणी पाहुण्यांच्या मांडीवर बसून त्याने सगळ्या तिथ्या ऐकल्या होत्या. "मीच शिकवलं ना त्याला, पाढ्यावानी," मामा म्हणाला. "आता मी त्याला उलटं सांगून ठेवलं. म्हटलं, आधीचं माझं चुकलं होतं, खरं हे हाय. त्यानं ऐकून घेतलं... पोराशी खोटं बोलून राह्यलो मी. ह्या वयात." त्याला ती लाज जुन्या लाजेहून जड होती, हे दिसत होतं. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "बरं केलंस मामा. संतोषचा काय भरवसा." माझंही त्या गॉगलवरून मत झालेलं होतं.

दहाव्याला नदीवरून परत आलो आणि मांडवात चहा फिरला. जुन्या पाहुण्यांपैकी एकाचा मुलगा भेटायला आला होता. पांढरा शर्ट, हळू आवाज, बोलणं अदबीचं. वडिलांकडून ऐकलेल्या मामाच्या गोष्टी त्याने सांगितल्या आणि माणसं दुःख विसरून ऐकत बसली. मग तो सहज म्हणाला, "माळावर लेंड्या दिसल्यात म्हणे परत. आता तिथी कोण सांगणार आम्हाला?" मामी आत होती, तिला ऐकू गेलं नसावं अशी मी आशा केली. संतोषने कप खाली ठेवला, मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाबा सांगून गेल्ता." आणि त्याने तिथी सांगितली. मामाने त्याला शिकवलेली, उलटी. "आमच्या ताईला इचारा, तिलाबी ठाऊक हाय. ताई, बराबर ना?" सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मी रंग जाणारं कापड ज्या आवाजात विकते त्याच आवाजात म्हटलं, "बराबर." मनात म्हटलं, मामा, तुझं काम मी केलं. तुझ्या पोराला तुझ्या दहाव्यालाही फसवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संतोष मला शेतात घेऊन गेला. हातात तोच डबा. बांधाशी आल्यावर त्याने गॉगल काढून खिशात ठेवला आणि म्हणाला, "ताई, खोटं लई चांगलं बोलतीस तू." मी त्याच्याकडे वळून बघितलं. "बाबानं उलटं सांगितलं त्याच दिवशी मला कळल्तं," तो सांगत राहिला. "ल्हानपणी पाठ केलेलं माणूस इसरतं का? मी म्हटलं, बरं बाबा. मंग रोज संध्याकाळी इचारायचा, 'काही दिसलं का रे?' रोज दिसायचं. मी म्हणायचो, न्हाई. न्हाई म्हटलं की पोटभर जेवायचा."

मी विचारलं, "अरे, मग त्याला सांगितलं का नाहीस, की तुला ठाऊक आहे आणि तू कुणाला बोलणार नाहीस?"

संतोषने डबा बांधाशी पालथा ठेवला. "सांगितलं असतं तर त्याला लाज वाटली असती, पोरावर इश्वास ठेवला न्हाई म्हणून. आधीच लई होती त्याच्याकडं."

मी तिथे बांधावर बसून रडले. मामासाठी म्हणावं तर ते अर्धंच खरं. गेल्या थंडीत त्याच जागी मी "तुझा मुलगा तसा नाही" एवढं म्हटलं असतं, तर कदाचित त्याने एकदा तरी संतोषला शेजारी बसवून ती हरणं दाखवली असती. बापलेक एकाच बांधावर, एकाच कळपाकडे वेगवेगळे बघत राहिले, आणि त्यांच्यामधल्या अविश्वासाला मी शहाणपणाने मान डोलावली. लहानपणचं मटण मला वाढलेलं होतं. हे मात्र मी माझ्या हाताने केलं.

लिही, असं संतोषच म्हणाला. फक्त गाव आणि पंधरवडा लिहू नको म्हणाला. त्या पांढऱ्या शर्टवाल्याला त्याने नंतर फोन करून तिसरीच तिथी सांगितली आहे, आणि गावातही ज्याला त्याला वेगळं सांगून ठेवलंय, त्यामुळे आता तिथे प्रत्येकाकडे आपापला चंद्र आहे. वनखात्याच्या माणसाला तेवढं खरं सांगितलंय आणि तो अधूनमधून फेरी मारून जातो. मामाचा डबा आता संतोष नेतो. इतकी वर्षं राखणीचा म्हणून वापरलेल्या त्या डब्याला काठीचा एकही पोचा नाही, मधोमध बसून बसून पत्रा तेवढा दबलाय.

रविवारी दुकान बंद असतं. संध्याकाळी मी फोन लावते. तो शेतातच असतो, वारा ऐकू येतो. मी मामासारखंच विचारते, "काही दिसलं का रे?"

तो हळू आवाजात म्हणतो, कारण हरणं जवळच असतात, "न्हाई ताई. कायच न्हाई."