मुरोईबाई पेल्यात बघतात

मुरोईबाई तपासणीला येणार म्हटलं, की आमच्या तालुक्यातल्या वृद्धनिवासांत पेले घासायची धांदल उडते. पेले घासून काही उपयोग नाही, हे सांगून मी दमले. बाई पेला स्वच्छ आहे का ते बघत नाहीत, त्यात काय उरलंय ते बघतात.

बत्तीस वर्षं त्या शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. तीनशे मुलांचं जेवण रांधायचं आणि वर्गांतून परत आलेल्या उष्ट्याच्या बादल्या स्वतः उपसून बघायच्या. "मास्तरांसमोर पोरं सगळं छानच म्हणतात. खरं काय ते बादलीत कळतं," असं त्या अजून सांगतात. निवृत्त झाल्यावर माणसं फुलझाडं लावतात, गरम पाण्याच्या झऱ्यांना जातात. बाईंनी वृद्धनिवास तपासायचं प्रशिक्षण घेतलं.

तीन वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना ओळखत नव्हते. आमचं घर लहान, नऊच आजी-आजोबा, सगळे थोडेफार विसराळू. मी तिथली प्रमुख, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःवर भलतीच खूश. अकरा फायली टेबलावर मांडून बसले होते. दारात एक ठेंगणी बाई उभी राहिली. घरात घालायच्या सपाता तिने कापडी पिशवीतून सोबत आणल्या होत्या आणि गळ्यात दोऱ्याने पेन्सिल बांधली होती. हिला काय कळणार, असं मनात आलं.

त्या दिवशी मला काळजी होती ती मात्र फायलींची नव्हती, इतोए आजींची होती. एक्याण्णव वर्षांच्या इतोए आजी उन्हाळ्यापासून दोनदा तापाने फणफणून इस्पितळात जाऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा लघवीचा संसर्ग. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिसऱ्यांदा झालं तर कायमची नळी घालू. आमच्याकडे नर्स नाही. नळी लागली, की आजींना हे घर सोडून इस्पितळाच्या खाटेवर जावं लागणार होतं, ते शेवटपर्यंत. आजींना ते समजलं होतं. बाकी सारं विसरायच्या, एवढं विसरत नव्हत्या. "पोरी, मला इथून नाही ना गं पाठवणार?" असं दिवसातून दोनदा विचारायच्या.

मुरोईबाई घरभर फिरल्या. अंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून बघितलं. औषधांच्या कपाटाचं कुलूप ओढून बघितलं. बाथरूममधला कठडा दोन्ही हातांनी असा गदागदा हलवला, की मला वाटलं उपटून घरी नेतात. मग एका पलंगावर चक्क आडव्या झाल्या आणि उशाशी लटकणाऱ्या घंटेपर्यंत हात पोचतो का ते पाहिलं.

"ती आमच्याकडे वाजतच नाही फारशी," मी फुशारकीने म्हटलं. "आठवड्यात दोनदा, फार तर तीनदा. सगळे सुखात आहेत."

"हो का?" म्हणून बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. शाबासकीच असणार, असं मी धरून चालले.

तीन वाजता चहा झाला. भाजक्या पानांचा चहा आणि उकडलेली रताळी. आमच्या सात्सुकीने वहीत लिहिलं, 'नऊ जणांनी चहा घेतला.' सात्सुकी माझ्याच वयाची, कामाला वाघ, आवाज मात्र लिलावात मासळी विकणाऱ्यासारखा. मुरोईबाई इतोए आजींच्या शेजारी बसल्या.

"आजी, चहा घ्या ना."

"घेतला की. छान होता हो."

पेला काठोकाठ भरलेला होता.

"आजी, बाथरूमला जायचंय का?" सात्सुकीने पलीकडून हाळी दिली. सगळं टेबल वळून बघायला लागलं.

"छे गं! तू तुझं काम कर."

मुरोईबाई उठल्या आणि टेबलाभोवती एक फेरी मारून आल्या. नऊपैकी सहा पेले तसेच होते. रताळी मात्र सगळ्यांनी फस्त केली होती. मग बाई परत आजींपाशी आल्या आणि अवघडल्यासारखं तोंड करून हळूच म्हणाल्या, "आजी, एक अडचण आहे. मला जायचंय, पण इथलं बाथरूम कुठे आहे ते माहीत नाही. जरा दाखवता?"

मला हसू फुटायचंच बाकी होतं. अर्ध्या तासापूर्वी त्याच बाथरूममध्ये बाईंनी कुस्ती खेळली होती. दारावर ताटाएवढी अक्षरं आहेत.

पण इतोए आजी लगेच उठल्या. "अगो बाई, मग सांगायचं नाही का? असं ताटकळत बसतात होय? चला." चाळीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीवर बसलेली बाई ती. वाट विचारणाऱ्याला नाही म्हणणं तिच्या रक्तातच नव्हतं. दोघी हातात हात घालून गेल्या. दाराशी मात्र अडल्या.

"आता आलाच आहात तर आधी तुम्ही जा," मुरोईबाई म्हणाल्या.

"छे, तुम्ही पाहुण्या."

"तुम्ही वयाने मोठ्या."

हे इतकं लांबलं, की माझाच जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी आजी आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्यावर जागेवर बसल्या, गार झालेला चहा घटाघटा प्यायल्या आणि रिकामा पेला सात्सुकीपुढे धरला.

मला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. ती म्हातारी सकाळपासून कळ काढत बसली होती. जायला लागू नये म्हणून पीत नव्हती आणि आम्ही कामात दिसतो म्हणून सांगत नव्हती. घंटा वाजत नव्हती ती म्हणून, आणि संसर्ग होत होता तोही म्हणूनच.

नंतर माझ्या खोलीत मी उगीचच चिडले. "मग काय, दर तासाला धरून न्यायचं का आम्ही सगळ्यांना?"

"धरून कशाला? सोबत मागा," बाई म्हणाल्या. मग गळ्यातल्या पेन्सिलीशी चाळा करू लागल्या. "माझ्या आईच्या निवासातल्या फायली तुमच्यापेक्षा सुबक होत्या. दर रविवारी ती म्हणायची, बरं आहे गं, पोरी कामात असतात बिचाऱ्या. ओठ वाळलेले असायचे. बरं आहे, बरं आहे म्हणतच गेली. बत्तीस वर्षं मी बादल्या बघितल्या, पण आईचा पेला कधी बघितला नाही."

मी टेबलावरच्या फायली गोळा करून कपाटात ठेवल्या.

अहवाल आला. सगळीकडे 'उत्तम'. दोषांच्या रकान्यात एकच ओळ: 'हाकेची घंटा फार कमी वाजते.' संचालकांनी फोन करून विचारलं, हा काय दोष झाला का? मी म्हटलं, सगळ्यांत मोठा. सात्सुकीने आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. पण आता ती ओरडते ते वेगळं, "मला जायचंय बाई, एकटीला कंटाळा येतो, कोण येतंय सोबत?" तिला रोज सोबत मिळते. पेले रिकामे परत येतात. तो हिवाळा इतोए आजींनी तापाशिवाय काढला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं नाही, आणि मी गाडीत बसून मनसोक्त रडले.

वसंतात शेजारच्या खोलीत हात्सुमी नावाच्या नव्या आजी आल्या. महिनाभराने एका दुपारी इतोए आजींच्या खोलीतली घंटा वाजली. त्या इथे आल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा. मी आणि सात्सुकी, दोघी धावलो. आजी पलंगावर बसल्या होत्या, शेजारी हात्सुमी आजी लाजेने लालबुंद.

"काय झालं आजी?"

"मला काही झालं नाही. हिला जायचंय आणि तोंड उघडत नाही ही," आजी म्हणाल्या आणि मला जवळ ओढून कानात कुजबुजल्या, "मी म्हटलं मलाही जायचंय. नाहीये खरं तर. सांगू नकोस तिला."

मी तिथूनच मुरोईबाईंना फोन लावला. "बाई, इतोए आजींची घंटा वाजली," एवढंच म्हटलं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग मला काय फोन करताय?" बाई म्हणाल्या. "जा, चहा ठेवा."